नाही म्हणणाऱ्या फार्मासिस्टच्या पाठीशी कोण?

विड्या कारखान्यात जमा करून, पुढच्या दिवसाची पानं आणि तंबाखू पिशवीत घेऊन परतणाऱ्या बायका वाटेत मेडिकलपाशी थांबतात. सोलापूरच्या पूर्व भागात हे रोजचं आहे. मागच्या हिवाळ्यात अशाच एक अक्का आमच्या काउंटरवर आल्या. हातात रिकामं पाकीट होतं. "मॅडम, हीच गोळी द्या की, पाच. खोकला परत आलाय." पाकीट लिव्होफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं होतं. दीड महिन्यात तिसऱ्यांदा मागत होत्या, आणि चिठ्ठी तिन्ही वेळा नव्हती.

मी नाही म्हटलं आणि का नाही तेही सांगितलं. महिना उलटून गेलेला खोकला, संध्याकाळची कणकण, सैल झालेलं पोलकं. अशा माणसाची आधी थुंकी तपासायला हवी. लिव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूवरही थोडंफार चालतं. त्यामुळे पाच-सात दिवस बरं वाटतं, खोकला दबतो आणि निदान महिनोन्‌महिने पुढे जातं. शिवाय नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय झाला तर उपचारात हेच औषध लागतं, आणि तोवर ते बोथट झालेलं असू शकतं. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते, हेही सांगितलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक दिवस गेला तर हजार विड्या गेल्या, मॅडम." आणि तीस पावलांवरच्या दुसऱ्या दुकानाकडे वळल्या. थोड्या वेळाने समोरून परत गेल्या तेव्हा त्यांच्या हातात नवं पाकीट होतं.

रात्री गल्ला मोजताना मालक मला म्हणाले, "गिऱ्हाईक घालवलंत."

मला बोलायचं आहे ते त्या तीस पावलांबद्दल. माझं शिक्षण आणि कायदा, दोन्ही मला नाही म्हणायला सांगतात. पण माझ्या एकटीच्या नाही म्हणण्याने अक्कांचं काहीच भलं झालं नाही. त्यांना फक्त तीस पावलं जास्त चालावं लागलं. नाही म्हणणं उपयोगी पडायचं असेल तर रस्त्यावरच्या सगळ्या काउंटरवर तेच उत्तर मिळायला हवं, आणि ते देणाऱ्याची नोकरी टिकायला हवी. ही दोन्ही कामं एकट्या माणसाच्या आवाक्यातली नाहीत. त्यांना संघटना लागते. दुकानांची संघटना तर आपल्याकडे आहेच. मी म्हणते आहे ती पेशाची संघटना.

हा फरक बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आमच्यातल्याही अनेकांना तो कळत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. औषधांच्या दुनियेत तीन वेगवेगळ्या संस्था आहेत. पहिली फार्मसी कौन्सिल. १९४८ च्या फार्मसी कायद्याने देशाची आणि राज्याराज्यांची कौन्सिल उभी राहिली. ती आमची नोंदणी ठेवते, अभ्यासक्रम ठरवते आणि चुकलो तर जाब विचारते. ती सरकारी चौकटीतली संस्था आहे. माझी बाजू मांडणं हे तिचं काम नाही आणि नसावंही. दुसरी केमिस्ट अँड ड्रगिस्टची संघटना, म्हणजे दुकानदार आणि होलसेलर यांची. तालुक्यापासून दिल्लीपर्यंत तिची बांधणी पक्की आहे. तिसरी फार्मासिस्टची व्यावसायिक संघटना. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन हे तिचं सर्वांत जुनं रूप. बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण सुरू करणाऱ्या महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये तिचा पाया घातला गेला. आज तिचं मुख्यालय मुंबईत आहे.

श्रॉफ यांचा काळ आठवला की संघटना कशासाठी लागते ते नीट दिसतं. त्याआधी १९३० मध्ये इंग्रज सरकारने रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली होती. बाजारात भेसळीची, कमअस्सल औषधं राजरोस विकली जात होती आणि ती विकणाऱ्याला कसलंही शिक्षण लागत नव्हतं. समितीने कायदा मागितला आणि शिकलेला, नोंदणी झालेला फार्मासिस्टही मागितला. पुढे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. चिठ्ठीवरचं औषध फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिलं जावं, हे रुग्णासाठी ठरलं होतं. आमचा दर्जा त्या गरजेतून आला. हे विसरलो की आमची सगळी मागणी नुसती पगाराची मागणी वाटू लागते.

दुकानदारांच्या संघटनेला मी नावं ठेवत नाही. करोनाच्या टाळेबंदीत सगळं शहर बंद असताना मेडिकल उघडी होती. आषाढीला पंढरीकडे निघालेल्या वारकऱ्यांना औषधं मोफत वाटली जातात, त्यामागे हेच लोक असतात. छोट्या दुकानदाराची अडचणही खरी आहे. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे १६ टक्के नफा मिळतो. त्यातून भाडं, वीज, फ्रीज आणि पगार भागवायचे, आणि समोर मोठ्या साखळी दुकानांची आणि ऑनलाइन कंपन्यांची वीस टक्के सूट. या कात्रीत सापडलेल्या माणसाने आपल्या पोटासाठी एकत्र येण्यात काही गैर नाही.

पण पोट आणि पेशा यांची गाठ जिथे सुटते तिथे ती संघटना कोणत्या बाजूला उभी राहते, हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हजर आहे का, बिल दिलं जातं का, याची त्यांनी कसून तपासणी सुरू केली. नियम जुनेच होते, फक्त ते कुणी पाळत नव्हतं. त्यावर दुकानदारांच्या संघटनांनी बंद पुकारले. त्याच सुमारास, २०१३ मध्ये, कंपनीचा होलसेलर व्हायला संघटनेची 'ना हरकत' लागते या प्रथेवरून भारतीय स्पर्धा आयोगाने दुकानदारांच्या अखिल भारतीय संघटनेला दंड ठोठावला. व्यापाऱ्यांच्या संघटनेने व्यापार सांभाळला, त्याचं नवल वाटायला नको. मला सलतं ते वेगळंच. त्या बंदच्या दिवसांत "होय, दुकानात फार्मासिस्ट असलाच पाहिजे, आम्ही आयुक्तांच्या बाजूचे आहोत" असं रस्त्यावर येऊन म्हणणारा फार्मासिस्टांचा आवाज जिल्ह्याजिल्ह्यांतून उठायला हवा होता. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागले होते. मीही गप्प बसले.

गप्प बसायचं कारण उघड आहे. पुष्कळ दुकानांत भिंतीवरचं सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवरचा हात दुसऱ्याचा असतो. दरवर्षी डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, होणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींचं लग्न होतं, त्या सासरी जातात आणि त्यांचं सर्टिफिकेट मात्र 'नोकरीला' राहतं. महिन्याला काही पैसे खात्यावर येतात. घरच्यांना वाटतं, बसल्या जागी बरं आहे. मला त्या मुलींचा राग येत नाही. बारा तास उभं राहून मिळणारा पगार आणि घरबसल्या मिळणारं भाडं यांत फारसा फरक उरला नसेल तर त्या दुसरं काय करतील? पण संघटना उभारायची असेल तर पहिला घाव इथेच घालावा लागेल. जी संघटना भाड्याच्या सर्टिफिकेटांकडे डोळेझाक करील, तिला "आमच्या ज्ञानाची किंमत करा" असं म्हणायला तोंड नाही. आम्हीच सिद्ध करून ठेवलं आहे की आमच्याशिवाय दुकान चालतं.

खरोखर चालतं का, ते मी अनुभवाने सांगते.

चार वर्षांपूर्वी एक तरुण तोंड आल्यावर लावायचं जेल मागायला आला. आईसाठी हवं होतं. दुकानातल्या पोऱ्याने जेल काढून पुढे ठेवलंही होतं. दुपारची वेळ, गर्दी नव्हती, म्हणून मी सहज विचारलं, आईला आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत? संधिवाताच्या, म्हणाला, आठ दिवसांपूर्वी नवीन दिल्यात. फोनवर चिठ्ठीचा फोटो होता. मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. मी विचारलं, कधी घेतात? "रोज रात्री, जेवणानंतर." सहा दिवस झाले होते. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं की रक्त तयार होण्याचं कामच मंदावतं. तोंड येणं ही त्याची पहिली खूण असते, आणि त्यापुढचा टप्पा जिवावर बेततो. मी जेल दिलं नाही. गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा आणि आईला घेऊन दवाखाना गाठा, असं सांगितलं आणि चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. बाई दहा दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलं होतं, इंग्रजीत. ती गोळी ज्या दुकानातून दिली गेली तिथे कुणी ते मोठ्याने वाचून दाखवलं नाही. घरात बोलायची भाषा तेलुगू. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. काय, किती, केव्हा, कसं ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं, सगळं. नियम चांगला आहे. फक्त तो अमलात येण्यासाठी काउंटरमागे माणूस लागतो, त्याला बोलायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं वाया गेली असं मालकाला वाटता कामा नये.

या प्रसंगातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढची आहे. मी हे कुणाला सांगायला हवं होतं? शहरातल्या प्रत्येक काउंटरपर्यंत त्याच आठवड्यात ही गोष्ट पोचायला हवी होती: मेथोट्रेक्सेट देताना वार विचारा, पाकिटावर वार लिहा. डॉक्टर मंडळी अशा अनुभवांवर बैठका घेतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, एकाच्या चुकीतून पन्नास जण शिकतात. मला तशी जागाच नव्हती. मी घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, चांगलं केलंस, आणि ते तिथेच संपलं. दुष्परिणाम कळवण्यासाठी देशात २०१० पासून औषध दक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, फार्मासिस्टलाही कळवता येतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तो नंबर माहीत नाही. मलाही त्या दिवसाआधी माहीत नव्हता.

नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत एकेका दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स करायचे असतात. पाच वर्षांत दोन दिवस. त्या दोन दिवसांत सहीसाठी रांग लावून जेवण करून परत येणारे मी पाहिले आहेत, आणि मन लावून टिपणं काढणारेही पाहिले आहेत. पण औषधांच्या बाबतीत पाच वर्षं म्हणजे मोठा काळ. डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश निघाला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने लहान मुलं दगावली. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून आलं होतं, आणि चौदा रुग्ण गेले होते. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट पुन्हा घडते. सिरपची बातमी आली त्या दिवशी आमच्या फोनवर एकाच बॅचबद्दल निरनिराळे मेसेज फिरत होते, काही खरे, काही जुने, काही भलत्याच कंपनीचे. आमचं रॅक तपासायला मी रात्री अकरापर्यंत थांबले. "ही बॅच, हे नाव, हा आदेश, हे काढून ठेवा, गिऱ्हाईक परत घेऊन आलं तर असं करा" असा एक खात्रीचा निरोप तासाभरात प्रत्येक काउंटरवर पोचवणं हे संघटनेचं काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. दोन जबाबदार माणसं आणि एक विश्वासाची यादी लागते.

आणि काही गोष्टी तर फक्त इथल्याच संघटनेला सुचतील. मुंबई-दिल्लीच्या पुस्तिकेत त्या येणार नाहीत. सोलापूरचा एप्रिल-मे घ्या. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं. पत्र्याच्या दुकानात दुपारी वीज गेली की फ्रीजचं काय होतं, स्टॉकिस्टकडून मोटरसायकलच्या डिकीत येणारी पेटी किती तापते, हे मोजायचं कुणी? पत्र्याच्याच घरात राहणाऱ्या, फ्रीज नसलेल्या रुग्णाला आम्ही सांगतो की कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या माठात ठेवा. हा सल्ला मी एका ज्येष्ठ फार्मासिस्टकडून शिकले. तो कुठे छापलेला मला मिळाला नव्हता. किंवा ओआरएसची पुडी. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या वस्तीत लोक एक पेला पाण्यात चिमूटभर पावडर टाकतात, कारण लिटरभर उकळलेलं पाणी एकदम वापरणं त्यांना उधळपट्टी वाटते. समजावताना हे माहीत असावं लागतं. मुलांच्या अँटिबायोटिकची कोरडी पावडर घरी नेऊन खुणेपर्यंत पाणी घालायची असते. ती आम्ही काउंटरवरच करून द्यावी की नाही, यावर आम्ही सगळे मिळून एकदा तरी बोललो आहोत का? आणि भाषा. या शहरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलली जाते. सूर्य-चंद्राच्या चित्रांचं, चार भाषांतल्या चार शब्दांचं, 'आठवड्यातून एकदाच' असं लाल अक्षरांत छापलेलं स्टिकर. खर्च किती? एका मेळाव्याच्या शाली आणि श्रीफळांपेक्षा कमीच.

आमच्याकडे संघटना म्हटलं की अजून हार, फेटे आणि २५ सप्टेंबरच्या फार्मासिस्ट दिनाची रॅली डोळ्यांसमोर येते. नोव्हेंबरातल्या फार्मसी सप्ताहात कॉलेजची मुलं फलक घेऊन निघतात. मुलांचा उत्साह मला आवडतो, मीही एकदा त्या रॅलीत चालले आहे. पण सप्ताह संपतो आणि तीच मुलं काउंटरवर येतात तेव्हा त्यांना चिठ्ठीविना झोपेची गोळी मागणाऱ्या चार जणांसमोर एकटं उभं राहावं लागतं. १ मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांची वेगळी वही ठेवायची आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. लिव्होफ्लॉक्सॅसिनही तिच्यात आहे. मार्च २०१८ पासून क्षयाची औषधं घेणाऱ्यांची माहितीही दुकानाने कळवायची आहे. या वह्या दोन तऱ्हांनी भरता येतात. एक, डीआय, म्हणजे औषध निरीक्षक, येणार म्हटल्यावर आदल्या रात्री बसून. दुसरी, माणसासमोर. पहिल्या तऱ्हेला कुणीच अडवत नाही.

हे सगळं होऊ शकतं याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. मुंबईत इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने क्षयरोग कार्यक्रमाबरोबर औषध दुकानांतल्या फार्मासिस्टना तयार केलं. लांबलेला खोकला ओळखायचा, माणसाला तपासणीला पाठवायचं, निदान झाल्यावर औषधं समोर घ्यायला लावायची. गल्लीतल्या मेडिकलवर माणूस सरकारी दवाखान्याआधी जातो, ही गोष्ट अडचण न मानता तिचा उपयोग करून घेतला. विडी कामगारांच्या शहरात हे का होऊ नये, याचं पटण्याजोगं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही. फार्मासिस्टने तपासणीला पाठवलेल्या माणसाला लवकर मोकळं करण्याची सोय झाली, तर अक्कांची हजार विड्यांची अडचणही निम्मी होईल. पण अशी मागणी महापालिकेकडे कोण घेऊन जाणार? एकटी मी गेले तर मी एका दुकानातली नोकरदार बाई. दोनशे फार्मासिस्टांच्या सहीचा कागद गेला तर तो वाचावा लागतो.

काहींना वाटतं, मालक आणि फार्मासिस्ट एकच असलेली दुकानंही कितीतरी आहेत, मग वेगळी संघटना म्हणजे घरातच भांडण. मला तसं वाटत नाही. ज्याचं स्वतःचं दुकान आहे आणि स्वतःचं सर्टिफिकेट आहे, त्याला तर पेशाच्या संघटनेचा फायदा सर्वांत जास्त. वीस टक्के सूट देणाऱ्या कंपनीशी तो किमतीत लढू शकणार नाही. आईच्या गोळ्यांबद्दल विचारणारा माणूस मात्र त्या कंपनीच्या खोक्यातून येत नाही. ते ज्ञान त्याच्याकडेच आहे, आणि तेच त्याने भाड्याने द्यायचं बंद करायला हवं.

आमच्या रस्त्यावर आम्ही सात जणांनी मिळून एक छोटी सुरुवात केली आहे. तीस पावलांवरच्या त्या दुकानातला मुलगाही त्यात आहे. मी जाऊन त्याच्याशी बोलले, तेव्हा त्याला ते औषध क्षय लपवतं हे माहीतच नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता दुपारी दुकानं थंड असतात तेव्हा महिन्यातून एकदा आम्ही एकाच्या घरी बसतो. मेथोट्रेक्सेटची गोष्ट मी तिथे पहिल्यांदा सांगितली. तीन आठवड्यांपूर्वी त्या मुलाचा फोन आला: "मॅडम, अक्का आल्यात, परत तीच गोळी मागतायत. मी दिली नाही. तुमच्याकडे येतील, तुम्हीपण देऊ नका." अक्का आल्या. मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सून त्यांना घेऊन तपासणीला गेली.

सातांपैकी एकाला मात्र मागच्या महिन्यात मालकाने काढून टाकलं. कारण तेच, गिऱ्हाईक घालवतो. त्याला दुसरीकडे चिकटवून द्यायला आम्ही धडपडतो आहोत, दोन ठिकाणी शब्द टाकला आहे. त्याच्या बाजूने त्या मालकाला जाऊन भेटणारं, नियम पुढे ठेवून बोलणारं आणि गरज पडली तर वकील उभा करणारं मात्र आमच्यात कुणी नाही.